पहिली पंगत आईची

पाडव्याला जोडून वीकेंड आला, की ऑफिसात सरळ दोन गट पडतात. एक गट अलिबागचं बुकिंग शोधत बसतो. दुसऱ्या गटाकडे गावाहून आई-बाबा येतात. अस्मादिक दुसऱ्या गटात!

गेल्या पाडव्याला आईनं आल्या आल्या आमच्या टीचभर किचनचा ताबा घेतला. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर. बाबा, बायको आणि मी ताटावर, आई गॅसपाशी. 'गरम आहेत तोवर घ्या रे' म्हणत ती पुऱ्या वाढत राहिली. ती बसली तेव्हा भात गार आणि श्रीखंडाचं भांडं साफ. मी ओशाळलो, तर म्हणाली, 'असू दे रे, मला कुठे एवढं गोड आवडतं?' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. आणि खरंही मानत आलोय.

यंदा ठरवलं. आई पहिल्या पंगतीत. पण त्यासाठी बेतच असा हवा, की जेवताना गॅसपाशी कुणीच उभं नको. बायकोनं आणि मी मिळून प्लॅन केला. तुम्हालाही जमेल, चौघांसाठी पुरेल.

आदल्या रात्री : सव्वा किलो घट्ट दही फडक्यात बांधून चाळणीवर, खाली पातेलं ठेवून थेट फ्रिजमध्ये. चैत्रात बाहेर टांगलंत तर आंबट होणार. साधारण अर्धा किलो चक्का निघतो. वेळ नसेल तर डेअरीतून तयार आणा, कुणी विचारत नाही! बटाटेही आत्ताच उकडून ठेवा.

सकाळी : चक्क्यात साडेतीनशे ग्रॅम पिठीसाखर मिसळा, अर्ध्या तासानं पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढा. कोमट दुधात भिजवलेलं केशर, वेलची, किंचित जायफळ घालून परत फ्रिजमध्ये. बटाट्याला मोहरी-हिंग-हळद, मिरची, कढीपत्त्याची फोडणी. नैवेद्याला कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ आणि ओवा वाटून ठेवा.

मसालेभात : कुकरमध्येच फोडणी करून तोंडली, मटार परता. दीड वाटी धुऊन निथळलेले तांदूळ, दोन चमचे गोडा मसाला, तिखट, मीठ घाला. तीन वाट्या उकळतं पाणी, दोन शिट्ट्या. झाकण उघडायची घाई नको, आत छान गरम राहतो. वाढताना तूप, खोबरं, कोथिंबीर.

आता खरा व्हिलन, पुरी. गेल्या वर्षी आईला गॅसपाशी उभं केलं ते हिनंच. तीन वाट्या कणीक, तीन चमचे रवा, मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवा, वीस मिनिटं झाका. मोठी जाडसर पोळी लाटून वाटीनं पुऱ्या पाडा. हे काम आम्ही बाबांना दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाताला कणीक लागली, पण पुऱ्या गोल! पानं घ्यायच्या आधीच सगळ्या तळून घ्या आणि गरम असताना एकीवर एक रचू नका. फुगा खाली बसेल, बसू दे. श्रीखंड गारच असतं, त्याच्याशी कोमट पुरी मस्त जमते.

साडेबाराला चार ताटं मांडली. आई दोनदा उठली. 'अगं, बस की आता,' बाबा म्हणाले. ती बसली, पण जरा अवघडून, पाहुण्यासारखी. दोन पुऱ्या झाल्यावर वाटी पुढे करत म्हणाली, 'थोडं श्रीखंड वाढ रे.' मग परत एकदा. तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही, भांडं स्वतःकडे ओढलं आणि डावानं घेतलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आमच्या आईला गोड आवडतं. भरपूर आवडतं. माझ्या वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मला हे कळलं. बाबांना तर लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर.

तेव्हा दोस्तहो, सणाचा मेन्यू कुठलाही ठेवा. एखादा पदार्थ कमी करा, हवं तर विकत आणा. फक्त गॅस बंद करून सगळे एकदम बसा. आणि हो, श्रीखंड जरा जास्तच करा.