सार्वजनिक माहिती, बंदिस्त प्रारूप

औषधाचा रेणू प्रथिनाच्या कोणत्या खोबणीत कसा बसेल, हे संगणकाने आधीच सांगितले तर प्रयोगशाळेतली वर्षे वाचतात. मे २०२४ मध्ये आलेल्या ‘अल्फाफोल्ड ३’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाने ते बऱ्याच अंशी साधले. मात्र त्यावरचा शोधनिबंध छापताना त्याच्या निर्मात्या गुगल डीपमाइंडने संगणकीय संहिता हातची राखली. संशोधकांनी जाहीर पत्राद्वारे निषेध नोंदवला. सहा महिन्यांनी ती मिळाली, तीही बिगरव्यावसायिक वापरापुरतीच.

हे आम्हाला पटत नाही. हे प्रारूप शिकले कशावर? १९७१पासून उभ्या राहिलेल्या, सर्वांना खुल्या असलेल्या ‘प्रोटीन डेटा बँके’तल्या रचनांवर! त्यातल्या कित्येक रचना क्ष-किरणांनी उलगडताना कुणाची तरी पीएचडीची उमेदीची वर्षे खर्ची पडली आहेत. शिवाय हे प्रारूप कधी कधी रेणूची उलटी, आरशातल्या प्रतिबिंबासारखी रचना देते, हे त्याच्या निर्मात्यांनीच नोंदवले आहे. औषधात तेवढा फरकही घातक ठरू शकतो; म्हणून बाहेरच्यांची तपासणी हवीच.

जगातले सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत. क्षयावर औषध शोधू पाहणाऱ्या इथल्या छोट्या कंपनीला मात्र हे दार बंदच. याउलट, एमआयटीच्या संशोधकांनी ‘बोल्ट्झ-१’ हे याच धर्तीचे प्रारूप व्यावसायिक वापरासाठीही खुले केले. सरकारी निधीवरच्या संशोधनात अशाच खुल्या प्रारूपांचा आग्रह केंद्राने धरावा.