बिनतारी म्हणे!

ज्या वस्तूचे शेपूट भिंतीतल्या प्लगात खुपसल्याशिवाय तिला कंठ फुटत नाही, तिला 'वायरलेस' म्हणण्याचे धारिष्ट्य जाहिरातवाल्यांनाच शोभते! दिवाळीच्या जाहिरातींत टीव्हीच्या पायाशी हटकून पहुडलेला तो साउंडबार आणि खोलीखोलीतून बसवायची त्याची भावंडे यांविषयी चार कडू शब्द मी फराळाच्या ताटात वाढतो आहे. लाडवाशेजारी कारल्याची फोड ज्याला नको असेल, त्याने खुशाल पान उलटावे.

आधी वस्तूला तिचा न्याय देऊ. टीव्ही पूर्वी चांगला पोटाचा असे. आता तो पाटासारखा चपटा झाला आहे. त्या चपट्या अंगात स्पीकरला जागा उरली नाही. बहुधा तो बिचारा खाली किंवा मागे तोंड करून बोलतो आणि शब्द भिंतीवर आपटून, धडपडत आपल्यापर्यंत येतात. आजोबा म्हणतात, नट पुटपुटतात. घरातले म्हणतात, आजोबांचे कान गेले. साउंडबार निदान समोर तोंड करून बोलतो. आजोबांना संवाद कळावेत एवढ्यासाठी कुणी तो घेतला, तर मी ब्र काढणार नाही. मात्र डोक्यावरून विमान गेल्याचा भास करून देणारा महागडा प्रकार घेताना आधी मान वर करून पाहावे. तो आवाज वर फेकतो आणि छताने तो परत खाली टोलवावा लागतो. त्याला सपाट छत लागते. उतरत्या कौलांखाली तो टोला भलतीकडेच जायचा.

एकत्र बसून रेडिओ ऐकण्याचे दिवस गेले म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नव्हे. सुनेने स्वयंपाकघरात गाणे ऐकावे, पोराने माडीवर ऐकावे. कुणाचे काय गेले? शिवाय यामागची कारागिरी खरोखर थक्क करणारी आहे. ब्लूटूथचे काम साधारण एका खोलीपुरते. फोन गातो, डबा त्याची री ओढतो. घरभर गाणे वाजवणारे डबे वाय-फायवर चालतात. ते इंटरनेटवरून गाणे स्वतःच आणतात, फोन फक्त हुकूम सोडतो. आता एका खोलीतला डबा सेकंदाच्या दहाव्या भागाने जरी मागे पडला, तरी गाणे तोतरे होते. म्हणून हे डबे आपली घड्याळे सतत एकमेकांशी जुळवत राहतात, गाण्याचे तुकडे थोडे आधी मागवून पोटात ठेवतात आणि ठरल्या क्षणी सगळे मिळून तोंड उघडतात. शाळेच्या प्रार्थनेत मुलांकडून हे मला कधी साधलेले नाही!

माझे भांडण पुढेच आहे. तार गेली म्हणता? ती गेली नाही, लांबली. पूर्वी ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाई. आता ती घरातून निघते ती थेट कंपनीच्या दारात पोचते, आणि तिचे टोक कंपनीच्या हातात असते.

हा कल्पनाविलास नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा येथे २००२ साली निघालेली सोनोस ही या धंद्यातली जुनी, नावाजलेली कंपनी. तिने २०१९ मध्ये एक योजना काढली. जुन्या डब्याच्या बदल्यात नव्यावर ३० टक्के सूट. अट अशी, की जुना डबा 'रिसायकल मोड'मध्ये टाकायचा. २१ दिवसांनी तो कायमचा मुका! धडधाकट वाजणारा डबा हो, पुतण्याला द्यायलाही उरायचा नाही. लोकांनी आरडाओरड केली तेव्हा २०२० च्या मार्चमध्ये ती अट काढली गेली. त्याआधी जानेवारीतच कंपनीने जाहीर केले होते, की काही जुन्या मॉडेलांना मे महिन्यापासून नव्या सुधारणा मिळणार नाहीत. तेव्हाही बोंब झाली आणि कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली.

"पण मास्तर, सुधारणा फुकट मिळतात की!" असे आमचे उत्साही तरुण म्हणतात. मिळतात ना. पण ज्याचा हात आत जाऊन काही ठेवू शकतो, तोच हात आतले काढूनही नेऊ शकतो. याच कंपनीने मे २०२४ मध्ये नवे ॲप आणले आणि लोकांचे गजर, झोपताना गाणे आपोआप थांबवायची सोय, सगळे रातोरात गायब झाले. अंध गिऱ्हाइकांची तर फारच पंचाईत झाली. डब्यांना काही झाले नव्हते. ते फळीवर होते तसेच होते. जानेवारी २०२५ मध्ये प्रमुखाने खुर्ची सोडली, पण तोवर गिऱ्हाइकांना आपल्याच पैशाच्या वस्तूसाठी महिनोन्‌महिने याचकासारखे तिष्ठावे लागले होते.

तेव्हा पगाराची रक्कम मोजून देण्यापूर्वी दुकानदाराला उभा धरा. इंटरनेट बंद असताना हा डबा वाजेल काय? त्याला साध्या तारेचे भोक आहे काय? सुधारणा कोणत्या सालापर्यंत मिळतील? पहिल्या दोहोंची उत्तरे तो खोके चाळून देईल, तिसऱ्याला हसेल. त्याने हसू नये, यासाठी कायदा हवा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडायच्या घरगुती वस्तूंबाबत, सुरक्षेच्या सुधारणा निदान किती काळ देऊ, हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. आपल्याकडे खोक्यावर कमाल किंमत छापण्याची सक्ती आहे, बनावटीचा महिना आणि साल छापण्याची आहे. त्याखाली आणखी एक ओळ सहज मावेल.