हातात वेळ घेऊन जाणारी माणसं



ब्रिटनमध्ये १९८४ पासून दरवर्षी जूनच्या सुरुवातीला स्वयंसेवकांचा सप्ताह पाळला जातो. आपल्या मंडळात स्वयंसेवकांची वानवा कधीच नव्हती. गणपतीत आरास करायला, पंगत वाढायला, रात्री हॉल झाडून किल्ल्या परत करायला हात आपणहून पुढे येतात. यंदा त्यातले काही हात केअर होम, हॉस्पिस आणि रुग्णालयांच्या वॉर्डांकडे वळावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. साठ-सत्तरच्या दशकात इथे येऊन ज्यांनी आपल्यासाठी वाट करून दिली, ती पिढी आता थकली आहे.

तिथे जाताना काय घेऊन जायचं? ‘हसरा चेहरा’ असं उत्तर पटकन येतं, पण मला ते अपुरं वाटतं. वेदनेनं रात्र जागून काढलेल्या माणसाला ‘काही होत नाही हो, किती छान दिसताय’ म्हटलं, की त्याच्या ओठांवर आलेलं बोलणं तिथेच थांबतं. उमेद त्याच्यावर लादायची नसते. त्याचं ऐकून घेताना ती आपल्यात टिकवायची असते.

आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या जनक सिसिली साँडर्स यांचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. नर्सिंगचं शिक्षण झालेल्या साँडर्स लंडनच्या बेजवॉटर भागातल्या सेंट ल्यूक्समध्ये मरणासन्न रुग्णांसाठी स्वयंसेविका म्हणून जात. दुखणं उफाळण्याची वाट न बघता तिथे वेदनाशामक औषध ठरल्या वेळी देत, हे त्यांनी पाहिलं. पुढे त्या डॉक्टर झाल्या, रुग्णांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकत राहिल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी सिडनहॅमला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. बरं करणं हातात नसलं तरी करण्यासारखं पुष्कळ असतं, हा विश्वास त्यांना रुग्णांच्या उशाशी बसून मिळाला होता.

दुसरं उदाहरण अलीकडचं. यॉर्कशरमधल्या केट ग्रेंजर या वृद्धांवर उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टर. त्यांना स्वतःलाच असाध्य कर्करोग झाला. २०१३ मध्ये रुग्णालयात असताना त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला हात लावणारे, तपासणारे, सुया टोचणारे कितीतरी जण स्वतःचं नावसुद्धा सांगत नाहीत. एवढ्या साध्या गोष्टीतून त्यांनी आणि त्यांच्या पतीनं ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्या गेल्या. आज एनएचएसमध्ये जागोजागी त्या शब्दांचे बिल्ले दिसतात. त्या बिल्ल्याला पैसा लागत नाही, पद लागत नाही. समोरचा माणूस आपल्यासारखाच माणूस आहे याची जाण लागते.

आपल्या माणसांच्या बाबतीत तर हे आणखी खरं. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि मातृभाषा मागे राहते. उभं आयुष्य इंग्रजीत नोकरी केलेल्या आजोबांना शेजारी बसून कुणी मराठीत ‘जेवलात का?’ विचारणं, हा त्यांच्या काळजीचाच भाग आहे. अल्झायमर्स सोसायटीचं ‘धिस इज मी’ नावाचं पत्रक मिळतं. आईला सगळे माई म्हणतात, चहा उकळलेलाच लागतो, गुरुवारी उपास असतो, हे त्यात लिहून ठेवा. कर्मचाऱ्यांना ते आपण सांगितल्याशिवाय कसं कळणार?

आणि या कर्मचाऱ्यांबद्दल. घरी येणाऱ्या केअररला कधीकधी एका भेटीसाठी जेमतेम १५ मिनिटं मिळतात. तेवढ्यात उठवणं, धुणं-पुसणं, गोळ्या, नाश्ता. आणि एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याच्या वेळेचे पैसे अनेकांना मिळतच नाहीत. व्हिसावर आलेली आपली मराठी मुलंमुलीही या कामात आहेत. त्यांच्याकडून सतत हसतमुख राहण्याची अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्याजवळ नसलेला वेळ स्वयंसेवकाजवळ असतो. तो कर्मचाऱ्यांच्या चुका मोजण्यात घालवू नका. रुग्णाचा चष्मा पुसून द्या, श्रवणयंत्र चालू आहे का बघा, पेपर वाचून दाखवा. त्याला थकवा आलेला दिसला की आपणहून उठा.

एक कळकळीची विनंती: दिवाळीच्या फराळाचा डबा परस्पर उघडू नका. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांना गिळायला त्रास होतो. काहींना पाणीसुद्धा दाट करून द्यावं लागतं. प्रेमानं भरवलेला मूठभर चिवडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. नर्सला विचारल्याशिवाय काहीही देऊ नये.

स्वयंसेवकांना सहसा गुन्हेगारी पार्श्वभूमीची डीबीएस तपासणी करून घ्यावी लागते. त्यांच्यासाठी ती मोफत असते, पण कागदपत्रांना काही आठवडे लागू शकतात. शिवाय संस्थेचं प्रशिक्षणही असतं. दिवाळीपूर्वी आपली पहिली तुकडी जायला हवी असेल, तर नावं जुलैअखेर कार्यकारिणीकडे यायला हवीत. शनिवार-रविवारी बहुतेक रुग्णांना भेटायला नातेवाईक येतात. म्हणून मंगळवार ते गुरुवार दुपारी मोकळे असणारे, गाडी चालवणारे आणि नेमानं येऊ शकणारे सभासद आधी हवे आहेत. महिन्यातून एकदाच जमणार असेल तरी चालेल, पण ठरलेल्या दिवशी याच.

आपली,
संपादक