घोडेगावचे 54

दर 1 जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभापुढे रांग लागते. मराठवाडा-विदर्भातून माणसे रात्रभर गाडीत बसून येतात, म्हातारीकोतारी आणि कडेवरची पोरे घेऊन. 2018 साली, कोरेगावच्या लढाईच्या दोनशेव्या वर्षी, तिथे हिंसाचार झाला. तेव्हापासून बंदोबस्त, पार्किंग आणि टँकर यांच्याच बातम्या जास्त होतात, आणि संध्याकाळी वाहिन्यांवर नेहमीची जुंपते: स्तंभ कंपनी सरकारचा, मग त्याला मानवंदना कशाला? भांडणाऱ्यांपैकी कितीजणांनी स्तंभावरचा मजकूर वाचला असेल, देव जाणे.

त्या दगडावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या 49 जणांची नावे आहेत. त्यांतली 22 नावे, ज्यांच्या शेवटी 'नाक' लागते ती, महार शिपायांची. ही माणसे 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीबरोबर शिरूरहून निघाली. रात्रभर चालून सकाळी कोरेगावजवळ पोचतात तो समोर दुसऱ्या बाजीराव पेशव्याची फौज, सुमारे 28 हजारांची. यांची संख्या जेमतेम 800 आणि दोन तोफा. गावाचा आडोसा धरून दिवसभर गल्लीबोळात झुंज चालली. शेजारून भीमा वाहत होती, पण अंधार पडेपर्यंत त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नाही. रात्री पेशव्यांची फौज मागे सरली, कारण कंपनीच्या जनरल स्मिथचे सैन्य पाठीवर होते. खरे कोण जिंकले, यावर इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा.

कंपनीने 1821 साली स्तंभाचा पाया घातला तो स्वतःची फुशारकी मिरवायला. पुढे याच इंग्रजी राज्याने 1890 च्या दशकात महारांना फौजेचे दार बंद केले, तेव्हा शिवराम जानबा कांबळ्यांसारखी माणसे या स्तंभापाशी आली. आमचे बापजादे तुमच्यासाठी मेले याची ही तुमच्याच हातची पावती, असा तो दाखला होता. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तिथे आले. साहेबाने बांधलेला स्तंभ तेव्हापासून साहेबाचा राहिला नाही. ज्या काळी बखरी सरदारांपलीकडे बघत नव्हत्या, त्या काळात 22 अस्पृश्य शिपाई नावानिशी दगडावर आले. मानवंदना आहे ती या नावांना.

आता हीच भीमा उलटी धरून वर या. तिचा उगम भीमाशंकरला. तळेघर आणि घोडेगाव भीमाशंकरच्याच वाटेवरची. हा मुलूख महादेव कोळ्यांचा, आणि इथे 1818 या सालाची आठवण निराळी आहे. कोरेगावच्या आधी काही दिवस बाजीराव जुन्नरच्या डोंगरातच होता; स्मिथ मागे लागला म्हणून तो चाकणच्या अंगाने खाली वळला. पेशवाई बुडता बुडता, मे 1818 च्या सुरुवातीला, कंपनीच्या तोफा चावंड आणि जीवधन किल्ल्यांवर आल्या. कातळातल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. चावंडला आजही रेलिंग धरून चढताना तो तुटका कडा हाताखाली लागतो. पायऱ्या गेल्या, त्याबरोबर किल्ल्यांच्या शिबंदीवर जगणाऱ्या कोळ्यांचा पगार आणि मानही गेला. त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे डोंगर धुमसत होता. आधी रामजी भांगरे उठले, मग राघोजी भांगरे. राघोजींना 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली.

यातलेच एक पान खुद्द घोडेगावचे आहे आणि ते तालुक्यातही फारसे कुणी उघडत नाही. 1839 साली भाऊ खरे, चिमणाजी जाधव आणि नाना दरबारे यांच्या पुढारपणाखाली कोळी उठले. घोडेगावचा सरकारी खजिना लुटण्याचा बेत होता. आणि राज्य कुणाच्या नावाने जाहीर केले? पेशव्यांच्या! कोरेगावला जे राज्य बुडाल्याची आठवण जागवतात, तेच राज्य परत यावे म्हणून वीस-बावीस वर्षांत याच नदीच्या खोऱ्याला लागून असलेले आदिवासी हत्यार उचलत होते. पेशव्यांवर कोळ्यांचे फार प्रेम होते अशातला भाग नाही. कोळ्यांच्याच जावजी बांबळ्याने पूर्वी पेशव्यांविरुद्ध बंड केले होते. पण पोटावर पाय देणारा बदलला की माणूस मागच्या धन्याचे नाव घेतो.

तेव्हा कोण देशभक्त आणि कोण फितूर, असा दोन रकान्यांचा हिशेब मांडणाऱ्यांनी एकदा पेरणे ते तळेघर प्रवास करावा. एका काठी पेशवाई गेली म्हणून मान वर झाली, दुसऱ्या काठी तीच गेली म्हणून चूल विझली. दोन्ही खरे आहे. एकाची आठवण पुसून दुसऱ्याची मोठी होत नाही. कोरेगावच्या गर्दीवर नाके मुरडणाऱ्यांना 1839 च्या बंडाची याद कधी आली आहे? स्वराज्यासाठी लढणाऱ्यांचा एवढाच कळवळा असेल तर घोडेगावला एक हार घेऊन जायला कुणी अडवले होते?

त्या बंडात 54 जणांवर खटला चालला. काहींना जन्मठेपेवर समुद्रापार धाडले. फाशी गेलेल्यांत, 1885 च्या पुणे गॅझेटिअरप्रमाणे, रामचंद्र गणेश गोरे नावाचा ब्राह्मण होता आणि एक कोळी. गोऱ्यांचे नाव आहे, वडिलांचे आहे, आडनाव आहे. दुसरा नुसता 'एक कोळी'. दोर दोघांच्या गळ्यात सारखाच पडला. कारकुनाच्या लेखणीला मात्र दुसऱ्याचे नाव विचारावेसे वाटले नाही. कोरेगावच्या 22 जणांना जे मिळाले ते याला मिळाले नाही, आणि म्हणून याची जयंती नाही, पुण्यतिथी नाही, रांगही नाही.

यावर भाषणे नकोत, पुतळाही नको. मुंबईच्या पुराभिलेखागारात कंपनी सरकारच्या न्यायखात्याची दप्तरे आहेत. घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. दोघांनी मिळून मोडी वाचणारा एक माणूस मुंबईला धाडावा, 1839 चा खटला शोधायला लावावा आणि ज्या 54 जणांची नावे सापडतील ती घोडेगावात तहसील कचेरीच्या दारात दगडावर कोरावीत. पहिले नाव त्या कोळ्याचे असावे.