आधी गंजी, मग ससे

खेड्यातील काही घरांतून मुलांच्या हौसेखातर, तर काही ठिकाणी लहानसा जोडधंदा म्हणून ससे पाळले जातात. आषाढ-श्रावणात या प्राण्याचे पोषण जवळजवळ फुकट होते. बांधावरची हरळी, पिकातील केना, परसातील शेवरीचा पाला यांवर तो उत्तम वाढतो. परंतु फाल्गुन लागला की बांध उघडे पडतात, पाला मिळेनासा होतो आणि घरधनी बाजारातील गोळीखाद्याच्या पोत्याकडे वळतो. पैशाची ओढ असेल तेव्हा केवळ धान्याचा भरडा, शिळी भाकरी किंवा भाजीचे टाकाऊ देठ यांवर दिवस काढले जातात. पुढे ससे हगवणीने किंवा पोट फुगून मरतात, आणि 'ससे आपल्या हवेला मानवत नाहीत' असा निष्कर्ष काढला जातो. आपला उन्हाळा सशाला जड जातो हे खरे. तथापि पुष्कळदा दोष हवेचा नसून रिकाम्या माळ्याचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

थंड देशांत बर्फाच्या दिवसांसाठी रानपाला वाळवून ठेवतात. आपल्याकडे टंचाईचा काळ हिवाळ्याचा नसून फेब्रुवारीपासून मृगाच्या पावसापर्यंतचा आहे. काळ निराळा असला तरी तत्त्व एकच : विपुलतेच्या दिवसांत टंचाईची तरतूद करणे.

सशाला वाळल्या गवताची आवश्यकता का आहे, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि चरबरीत वैरण चावूनच ते झिजतात. त्याच्या आतड्याची हालचालही चोथ्यावर अवलंबून असते. चोथा कमी व पिष्ट जास्त झाले, की आंधळ्या आतड्यातील आंबण्याची क्रिया बिघडते आणि रोग उद्भवतो. म्हणून गोळीखाद्य हे पूरक असावे. आहाराचा पाया मात्र वैरणीचाच हवा.

आता हिशेब पाहू. दोन किलो वजनाच्या प्रौढ सशास रोज सुमारे १०० ग्रॅम वाळला चारा धरला, तर फेब्रुवारीच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे १३५ दिवसांत, साडेतेरा किलो चारा लागेल. चार सशांस ५४ किलो; नासधूस धरून ६० किलो. हिरव्या गवतात शेकडा ८० भाग पाणी असते असे मानले, तर एक किलो वाळल्या चाऱ्यास सुमारे सव्वाचार किलो गवत कापावे लागते. म्हणजे एकंदर अडीचशे किलो, अर्थात डोक्यावरचे दहा-बारा भारे. एवढ्या श्रमात चार जिवांचा उन्हाळा निभावतो.

कापणीची वेळ मात्र साधली पाहिजे. मारवेल, पवना यांसारखी गवते फुलोऱ्यात असताना कापावीत. बी धरून गवत पिवळे पडले की त्यातील प्रथिने निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतात आणि हाती केवळ काडी उरते. दिवाळीनंतर सवडीने गवत कापण्याची आपली रीत याच कारणास्तव तोट्याची आहे. हीच गोष्ट गाईबैलांच्या गंजीलाही लागू पडते.

भाद्रपदाच्या अखेरीपासून, पावसाने उघडीप दिली की थोडे थोडे गवत कापावे. सकाळचे दव उडाल्यावर कापणी करून ते पातळ पसरावे, दिवसातून दोन-तीनदा उलटावे आणि सायंकाळी ढीग करून झाकावे. ते मऊ पडले की उरलेले वाळवण पडवीत, सावलीत करावे. कडक उन्हात फार वेळ राहिल्यास हिरवा रंग व जीवनसत्त्वे नष्ट होतात. शेवरी, हादगा, तुती यांच्या डहाळ्या जुड्या बांधून आढ्याला उलट्या टांगाव्यात, म्हणजे पाने झडून वाया जात नाहीत. कोरड्या बाटलीत चाऱ्याचे तुकडे व चमचाभर कोरडे मीठ घालून हलवावे; मिठाच्या गुठळ्या झाल्या तर चारा अजून ओला आहे असे समजावे. पुरता वाळलेला चारा जमिनीला न टेकवता माळ्यावर किंवा फळ्यांवर, वारा खेळेल असा रचावा. बुरशीचा वास आलेला चारा सशांस कदापि घालू नये. बुरशीचे विष त्यांना फार लवकर बाधते.

वनस्पतींची निवडही डोळसपणे करावी. घाणेरी, धोतरा, कण्हेर, रुई, एरंड व गाजरगवत भाऱ्यात येता कामा नये. वाळविल्याने विष जाते, हा समज घातक आहे. उलट हिरवेपणी सशाने टाळलेले झाड वाळल्यावर इतर चाऱ्यात मिसळून पोटात जाऊ शकते. सुबाभळीच्या पाल्यातील मिमोसीन या द्रव्याने सशाचे केस गळतात, म्हणून तो अत्यल्प द्यावा. लसूणघासात चुना अधिक असल्याने तो वाढत्या पिलांस व दूध पाजणाऱ्या मादीस योग्य. प्रौढ सशास गवतच हितकर. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या बांधावरचे गवत मुळीच घेऊ नये. नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. वाळल्या चाऱ्याबरोबर स्वच्छ पाणी सदैव पुढे असावे.

यावर एक आक्षेप निघेल : आश्विनात सोयाबीनची काढणी, रब्बीची पेरणी, गवताला माणूस कोठून आणावा? आक्षेप वाजवी आहे. कारण हे काम बहुधा घरातील स्त्रियांच्याच वाट्याला येते आणि त्यांच्या डोक्यावर आधीच पुरेसा भार असतो. म्हणूनच एका दमात गंजी उभारण्याचा आग्रह धरू नये. आठवड्यास दोन भारे कापले तरी पाच-सहा आठवड्यांत काम उरकते. पसरणे, उलटणे ही कामे घरातील पुरुषांनी व ज्यांच्या हौसेचे ससे आहेत त्या मुलांनी अंगावर घ्यावीत.

ग्रामकार्यकर्त्यांना माझी आग्रहाची सूचना अशी, की ज्या घरी चारा साठविण्यास कोरडी जागा व गवताची सोय नाही, त्या घरास ससे घेण्याचा सल्ला देऊ नये. पिंजरा, पिले आणि खाद्याचे पोते पुरवून जोडधंदा उभा राहत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात तो कोसळतो आणि कर्ज मागे राहते. एका हंगामाची गंजी प्रथम रचून दाखवावी, मगच पिंजऱ्याचा विचार करावा. पाळण्यासाठी पाळीव जातीचेच ससे घ्यावेत. रानससा धरणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे, हेही गावात सांगावे.

ज्या बांधाचे गवत आपण माघात पेटवून देतो, त्याच बांधावर भाद्रपदात आपल्या जनावरांचा उन्हाळा उभा असतो. तो वेळीच कापून घरी आणावा, एवढेच सांगणे आहे.