नाकारलेले पारितोषिक आणि राहिलेला हिशेब

एप्रिल २०२३ मध्ये लंडन येथे सोनी जागतिक छायाचित्रण पारितोषिकांचा समारंभ झाला, तेव्हा बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने आपणांस मिळालेले पारितोषिक जाहीरपणे नाकारले. खुल्या स्पर्धेच्या सर्जनशील विभागात निवडलेले त्यांचे कृष्णधवल चित्र १९४० च्या सुमाराचे भासते. एक स्त्री पुढे, दुसरी तिच्या पाठीशी. या दोघी कधी जन्मलेल्याच नव्हत्या, आणि त्यांच्यासमोर कॅमेराही कोणी धरला नव्हता. चित्र डॅल-ई २ या यंत्रणेकरवी घडविलेले होते.

संयोजकांनी एल्डाग्सेन यांच्यावर दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला. त्यांना थोडी प्रसिद्धी हवी होती असे मानले, तरी त्यांचा मुद्दा खोटा ठरत नाही. हे गृहस्थ यंत्राचे विरोधक नव्हेत. उलट त्याचा ते उत्साहाने वापर करतात. त्यांचे म्हणणे एवढेच, की ही कला वेगळी आहे, तिला 'प्रॉम्प्टोग्राफी' असे वेगळे नाव द्यावे आणि छायाचित्रांच्या पंक्तीस तिला बसवू नये.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा निबंध आठवल्यावाचून राहणार नाही. जुन्या मोटारींच्या बाजारात चांगली गाडी कोणती आणि भंगार कोणते हे ग्राहकास कळत नसेल, तर तो दोहोंसाठी सरासरी किंमतच देऊ करतो. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. छायाचित्राची पत १८३९ पासून, प्रत्यक्ष जागी जाऊन उभ्या राहिलेल्या माणसांनी साठविली आहे. यंत्रनिर्मित चित्र त्या खात्यात काही न भरता त्यातून उचल करते. त्याचा परिणाम २०२४ मध्ये दिसला. माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने मान पोटाशी दुमडलेल्या रोहित पक्ष्याचे खरे छायाचित्र एका स्पर्धेत मुद्दाम कृत्रिम प्रज्ञेच्या विभागात पाठविले. परीक्षकांनी त्यास तिसरा क्रमांक दिला, लोकांचा कौलही त्यालाच मिळाला. खरे असल्याचे उघड होताच ते बाद झाले! उद्या अत्याचाराचे खरे छायाचित्र पुढे आले, तर आरोपीस 'हे यंत्राचे काम' एवढेच म्हणणे पुरेल.

नावाचा आग्रह म्हणूनच योग्य आहे. परंतु नाव वेगळे केल्याने कच्च्या मालाचा हिशेब मिटत नाही. ही यंत्रे कोट्यवधी चित्रांवर शिकविली गेली. त्यांतील काही परवान्याने घेतलेली, पुष्कळशी संगणकजालावरून उचललेली. जर्मनीतीलच लायॉन या संस्थेने २०२२ मध्ये अशा सुमारे ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्यांची सूची प्रसिद्ध केली. आपले चित्र तीत सापडल्यावरून एक छायाचित्रकार हॅम्बुर्गच्या न्यायालयात गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये, संशोधनासाठी असलेल्या सवलतीच्या आधारे, निकाल संस्थेच्या बाजूने लागला. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर असेलही. पण संशोधन म्हणून जमविलेला माल पुढे व्यापारात उतरतो, तेव्हा मूळ उत्पादकाच्या वाट्यास काय येते, हा प्रश्न त्या निकालाने सुटत नाही.

कोणत्या चित्राचा किती अंश कोठे गेला हे सांगता येत नाही, सबब मोबदला देणे अशक्य, असे कंपन्यांचे समर्थक म्हणतात. ही सबब जर्मनीत तरी चालू नये. घरोघरी टेपरेकॉर्डर आले, तेव्हा कोणत्या घरी कोणते गाणे उतरवून घेतले जाते हे कोणास ठाऊक होते? तरीही १९६५ च्या कायद्याने त्या यंत्रावरच आकार बसविला आणि ती रक्कम हक्कधारकांच्या संस्थांमार्फत वाटण्यात आली. दृश्यकलावंतांसाठी अशी संस्था तेथे १९६८ पासून आहे. चित्रे घडविणाऱ्या यंत्रणांच्या उत्पन्नावर असाच आकार बसविता येईल. प्रत्येकाच्या हाती पडणारी रक्कम अल्प असेल, आणि वाटपात तंटेही होतील. गाण्यांच्या बाबतीतही ते झालेच. एल्डाग्सेन यांच्या चित्रातील त्या दोन स्त्रियांचे चेहरे, त्यांच्यावरील तो जुना प्रकाश, ज्या अनामिक छायाचित्रकारांच्या कामातून यंत्राने शिकून घेतला, त्यांच्यापैकी कोणासही लंडनच्या समारंभाचे निमंत्रण नव्हते.