दिवसा काम, रात्री दहावी
दिवसा दुकानात, वर्कशॉपमध्ये किंवा घरकामाला जाणाऱ्यांना संध्याकाळी माध्यमिक शिक्षण घेता यावे, यासाठी रात्रशाळा असतात. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी अशी शाळा काढली. पुढे गिरण्यांच्या मुंबईत ही सोय रुजली. वर्ग बहुधा दिवसाच्या शाळेच्याच इमारतीत, दिवेलागणीनंतर भरतात. तास मोजके, पण दहावीची प्रश्नपत्रिका राज्य मंडळाची, सगळ्यांना तीच. खरी ओढाताण वेळेची. मालकाने वेळेवर सोडले नाही की पहिला तास बुडतो, आणि गणित-इंग्रजीसारख्या रोजच्या सरावाच्या विषयांत बुडालेला तास सहसा भरून निघत नाही. घरच्या अभ्यासाला उरते पहाट, नाहीतर सुट्टीचा वार (तोही दुकानदाराच्या मर्जीचा). २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्यानुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई आहे. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करणे हा त्यातला मोठा अपवाद. १४ ते १८ वयोगटाला खाणी, स्फोटके आणि धोकादायक प्रक्रिया वर्ज्य आहेत. बाकी कामांत विद्यार्थ्याला शाळेच्या वेळेआधी सोडायचे की नाही, हे प्रत्यक्षात अजूनही मालकच ठरवतो.